अंगावर पित्त उठलं की ॲलर्जी? शाळा आणि पालकांनी काय लक्षात ठेवावं

माकुणसार, केळवे, सातपाटी, तारापूर या आपल्या किनारपट्टीत कोळंबी, जवळा, बोंबील हे रोजचं जेवण. ईदच्या शीरखुर्म्यात दूध, काजू, बदाम, पिस्ता. बहुतेक मुलांना यातून काही होत नाही. पण एखाद्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती त्याच पदार्थाला शत्रू समजते. यालाच अन्नाची ॲलर्जी म्हणतात. दूध न पचल्याने पोट बिघडणं ही वेगळी गोष्ट.

कशी ओळखावी?
खाल्ल्यावर काही मिनिटांत, कधी दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, खाज येते, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते. आपण "पित्त उठलं" म्हणतो आणि आमसूल चोळतो. नुसत्या गांधी असतील तर मुलावर लक्ष ठेवून डॉक्टरांना दाखवावं. पण घसा आवळला, आवाज बदलला, दम लागला किंवा चक्कर आली तर जीवाला धोका आहे. मग आमसूल किंवा नजर उतरवणं यात वेळ घालवू नये.

लगेच काय करावं?
१०८ ला फोन करा. मुलाला आडवं झोपवून पाय थोडे वर ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. खरं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यावंच. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

वर्गात काय शिकवावं?
२०१७ मध्ये लंडनच्या एका शाळेत दुधाची ॲलर्जी असलेल्या १३ वर्षांच्या मुलाच्या अंगावर वर्गमित्राने चीजचा तुकडा टाकला. काही दिवसांनी तो मुलगा दगावला. म्हणून मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात: विचारल्याशिवाय डबा वाटायचा नाही, ॲलर्जीची मस्करी करायची नाही, कुणाला त्रास झाला तर लगेच सरांना-बाईंना सांगायचं. वाटून खाणं ही आपली चांगली सवय आहेच. फक्त आधी विचारावं.

पालकांनी काय करावं?
जूनमध्येच शाळेला लिहून द्या: कोणता पदार्थ चालत नाही, काय त्रास होतो, औषध कोणतं, फोन कुणाला करायचा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही सांगा. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर दूध, अंडं, मासे, कोळंबी, शेंगदाणे, सोया, गहू यांचा उल्लेख करावा लागतो. तो वाचायला मुलांना शिकवा. इफ्तार किंवा नियाजचं ताट देतानाही "मुलाला काही चालत नाही का?" एवढं विचारा.