रस्ता उघडणारा म्हातारा

दिव्याच्या फाटकापाशी अडकून, कानात इयरफोन घालून हा भाग ऐकत असाल, तर तुम्ही अगदी योग्य जागी उभे आहात. कारण आजची गोष्ट रस्ता मोकळा करणाऱ्या एका माणसाची आहे.

पण आधी एक कबुली देते.

मी दिव्यात वाढले. आमच्या चाळीत एक आजोबा होते. सगळे त्यांना ‘मिलिटरीवाले’ म्हणायचे. पाठ ताठ, दाढी रोज केलेली, चपला दाराबाहेर एका रेषेत. आम्ही पोरं त्यांना घाबरायचो. ते कुठल्या युनिटमध्ये होते, कुठल्या लढाईत होते, काही म्हणजे काही मला माहीत नव्हतं. ते गेले तेव्हा घरच्यांनी कपाटातून पदकं काढून फोटोशेजारी ठेवली. चार होती. ती कशाची, हे तिथे जमलेल्या एकालाही सांगता येईना. सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो आदल्या दिवसापर्यंत आमच्याच जिन्यावरून ये-जा करत होता.

ती चार पदकं डोक्यातून जात नाहीत. म्हणून आज ज्यांची नोंद नीट झालेली आहे, अशा एका म्हाताऱ्या सैनिकाची गोष्ट सांगते. मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र.

आता लगेच तुमच्या डोळ्यांसमोर हार घातलेला एका तरुण जवानाचा फोटो आला असेल. परमवीर म्हटलं की आपण शहीद असंच धरून चालतो. तसं नाहीये. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यांतले १४ मरणोत्तर. उरलेले सात जण ते पदक मिळवून जगले. राणे त्या सातांतले. ते वारले ११ जुलै १९९४ ला, पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये. वय ७६.

१९९४ म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाबा तेव्हा कॉलेजात होते. इतकं जवळचं आहे हे.

राणेंचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंदिये गावातला. आपल्या दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते ना, तिचेच रूळ पुढे गोवा ओलांडून कारवारला जातात. आज कारवार कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत ते मुंबई राज्यात होतं. वडील पोलिसात. त्यांच्या बदल्या व्हायच्या, त्यामुळे पोराची शाळाही तुकड्यातुकड्यांत झाली. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली आणि बारा वर्षांचा रामा तिच्याकडे ओढला गेला. बाप इंग्रज सरकारचा पोलीस, पोरगा चळवळीकडे! वडिलांनी घाबरून घर परत चेंदियेला हलवलं.

हाच मुलगा दहा वर्षांनी, १० जुलै १९४० ला, त्याच इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. दुसरं महायुद्ध सुरू होतं. तो गेला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनियर लोकांत. त्यांचं केंद्र आजही पुण्यात खडकीला आहे. सॅपरचं काम काय? पूल बांधायचे, पूल उडवायचे, भूसुरुंग पेरायचे, भूसुरुंग काढायचे. पायदळ आणि रणगाडे पुढे जावेत म्हणून त्यांच्याही आधी पुढे जायचं.

तिथून राणे ब्रह्मदेशात, जपान्यांविरुद्ध. आराकानमधून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा बुथिडाँगला त्यांना आणि त्यांच्या तुकडीला मुद्दाम मागे ठेवलं. हुकूम असा, की महत्त्वाची सामग्री शत्रूच्या हाती लागू न देता नष्ट करा, मग नौदल तुम्हाला उचलेल. काम झालं, पण उचलून नेण्याचा बेत फसला. मग जपानी गस्त घालत होते ती नदी यांनी स्वतःच ओलांडली आणि आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. त्यानंतर ते हवालदार झाले. डिसेंबर १९४७ मध्ये, स्वतंत्र भारताच्या सैन्यात, सेकंड लेफ्टनंट. साध्या भरतीतून आलेला माणूस अधिकारी झाला. चार महिन्यांतच काश्मीर.

परिस्थिती अशी होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हातात गेलं होतं. मार्च १९४८ मध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या फौजेने झांगर परत घेतलं. आता नौशेऱ्याहून राजौरीकडे जायचं होतं. रस्ता डोंगरातला, सापासारखा वळणारा. त्यावर झाडं पाडून टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या, जमिनीत भूसुरुंग आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर मशीनगन. पुढे चौथी डोग्रा बटालियन आणि रणगाडे. त्यांना वाट करून द्यायला ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी आणि तिचे प्रमुख राणे.

आता भूसुरुंग काढायचा म्हणजे नक्की काय करायचं? पोटावर झोपायचं. संगिनीसारखं काहीतरी टोकदार घ्यायचं आणि जमिनीत तिरपं, हळूहळू खुपसत जायचं. टोकाला कडक काही लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची आणि ते निकामी करायचं. मग पुढची वीतभर जमीन. ही घाईने करायची गोष्टच नाही. आणि हे सगळं डोक्यावर तोफगोळे पडत असताना.

८ एप्रिल. काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. त्यांनी उरलेली माणसं पुन्हा जुळवली आणि काम चालू केलं.

९ एप्रिल. सकाळी सहाला सुरुवात. दुपारी तीनपर्यंत रणगाड्यांसाठी वळणाचा रस्ता तयार. मग राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी. उतरले, स्फोट करून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी, वरून मशीनगन. बाजूने वाट काढली. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड जाता जाता, पाच मोठ्या पाइन वृक्षांचा अडथळा आला. भोवती सुरुंग. राणे तेही काढायला लागले होते. शेवटी रणगाड्यांच्या कमांडरनेच आजच्यापुरतं थांबायचं ठरवलं.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. जखमी माणूस पुन्हा त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला वाट मोकळी. पुढचा हजार यार्डांचा तुकडा म्हणजे नुसती अडथळ्यांची रांग. तोही साडेदहापर्यंत साफ.

आणि आता नीट ऐका, कारण मला या चार दिवसांतला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. इथून रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सगळी धडपड, ते पुढे गेले. राणे तेव्हा टेकले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मागून ट्रक यायचे होते. दारूगोळा, रेशन, औषधं. ट्रक काही नदीच्या पात्रातून जात नाहीत, त्यांना रस्ताच लागतो. राणे त्या ट्रकांसाठी रात्री नऊपर्यंत काम करत राहिले. न खाता, न थांबता.

११ एप्रिल. पुन्हा सकाळी सहा. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. तरी रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करणं चालूच. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोहोचली.

या चार दिवसांच्या हकिकतीत राणेंनी किती शत्रू मारले, याचा आकडा शोधू नका. त्यांच्या शौर्याचं माप आकड्यांत नाही, मैलांत आहे. इतके मैल रस्ता उघडला.

२१ जून १९५० ला परमवीर चक्र जाहीर झालं. १९४७-४८ च्या युद्धासाठी ते पाच जणांना मिळालं. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग आणि हवालदार मेजर पिरू सिंग युद्धातच गेले होते. जगले दोघे, लान्सनाईक करम सिंग आणि आपले राणे. जाता जाता एक मराठी धागा. या पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकर यांचं. मूळच्या युरोपातल्या, पण लग्न करून खानोलकरांच्या घरात आलेल्या.

आपण गोष्टी सांगतो त्या साधारण इथेच संपवतो. पण राणे तेव्हा तीस वर्षांचेही झाले नव्हते! त्यानंतर ते ४६ वर्षं जगले. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. २८ वर्षांच्या नोकरीत युद्धवृत्तात पाच वेळा त्यांचा खास उल्लेख झाला. निवृत्तीनंतरही २६ वर्षं. १९८४ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे बघा, समुद्रावर त्यांच्या नावाचं जहाज फिरत होतं आणि जमिनीवर ते स्वतः पासष्टी ओलांडलेले एक पेन्शनर होते. शेजारच्या पोरांच्या लेखी, कदाचित, नुसते ‘मिलिटरीवाले’.

मग १९९४ चा तो जुलै. हॉस्पिटल, म्हातारपण, शेवट. तुमच्या-माझ्या आजोबांसारखं मरण. त्या मरणाला आपण वीरमरण म्हणत नाही, आणि मला वाटतं आपली चूक तिथेच होते. तरुणपणी गेलेल्या सैनिकाचा आपण फोटो लावतो, चौकाला नाव देतो, आणि ते द्यायलाच हवं. पण जो परत आला, त्याचं काय? त्याच्याकडून आपण फक्त दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मागतो. जिवंत आहात ना, सही करा. ज्याच्यासाठी तो जिवंत राहिलेला आपल्या उपयोगाचा आहे, ते मात्र विचारत नाही.

राणेंचा पुतळा कारवारला समुद्रकिनारी उभा राहिला तो २००६ मध्ये, ते गेल्यावर बारा वर्षांनी. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणेंचं. छानच आहे. पण पुतळ्याला विचारता येत नाही, की सर, ९ तारखेच्या रात्री त्या पाच झाडांपासून मागे यावं लागलं, तेव्हा झोप लागली का?

आता साधा हिशोब करा. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चा, ऐंशीच्या पुढे. दिवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, कोकणातून आणि देशावरून आलेल्या माणसांची ही गावं. यांतल्या एखाद्या सोसायटीत, एखाद्या चाळीत असा माणूस आहे. आज सकाळी तो दूध घेऊन घरी गेला असेल.

तुमच्या खिशात रेकॉर्डर आहेच. आधी परवानगी घ्या. ‘किती शत्रू मारले’ हे विचारू नका, बरेच जण तिथेच गप्प होतात. विचारा, की काका, युनिट कुठलं? पहिलं पोस्टिंग कुठे? तिथे जेवायला काय मिळायचं? तुमच्या शेजारी कोण झोपायचं, आणि ते परत आले का? आणि कपाटातली पदकं बाहेर काढायला सांगा. एकेक हातात घ्या आणि ते कशाचं, हे त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवा.

मी चार पदकांना उशीर केला. तुम्ही करू नका.

फाटक उघडलं असेल. चला, सावकाश जा. भेटू पुढच्या भागात.