हा पैसा कुणाचा?



परवा नातू मोबाइलवर हर्षद मेहतांवरची मालिका बघत होता. म्हणाला, "आजी, काय डोकं होतं ना या माणसाचं!" मला मात्र १९९२ साल आठवलं.

तेव्हा शेअरची हवा आपल्या अंबडपर्यंत आली होती. एसीसीचा शेअर दोनशे रुपयांवरून काही महिन्यांत नऊ हजारांच्या घरात गेला होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हीच वेळ आहे." मी माहेरच्या दोन पाटल्या मोडायला दिल्या. बी.कॉम. असूनही विचारलं नाही, की हा भाव कुणाच्या पैशावर चढतोय?

हर्षद मेहता गुजराती जैन घरातले, कापडाच्या छोट्या व्यापाऱ्याचा मुलगा. १९७६ मध्ये मुंबईत बी.कॉम. झाले. विमा कंपनीत नोकरी केली, मग शेअर दलाली, आणि पुढे वरळीला समुद्रासमोर घर.

पैसा मात्र बँकांचा होता. बँका थोड्या दिवसांसाठी एकमेकींना सरकारी रोखे विकत आणि परत घेत. व्यवहार दलालामार्फत होई. रोखे हातात न देता 'आमच्याकडे आहेत' अशी पावती दिली तरी चाले. त्या घोटाळ्यात बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेने रोखे नसतानाच पावत्या दिल्या. तिजोरीत दागिना नाही, आणि सराफाने 'दागिना जमा' असं लिहून द्यावं, तसंच हे! बँकांचा पैसा असा दलालाच्या खात्यातून शेअरबाजारात गेला.

२२ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ४४६७ वर होता. दुसऱ्याच दिवशी सुचेता दलाल यांची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली. स्टेट बँकेच्या सुमारे ५०० कोटींचा मेळ लागत नव्हता. बाजार कोसळला. जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा ४००० कोटींवर काढला. बँक ऑफ कराड बुडाली. जूनमध्ये मेहतांना अटक झाली. मारुती उद्योगच्या पैशांच्या खटल्यात १९९९ साली पाच वर्षांची शिक्षा झाली. ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्यात, कोठडीत असतानाच ते गेले. वय अवघं ४७.

आमचे शेअर विकले तेव्हा अर्धेही पैसे आले नाहीत. पाटल्या पुन्हा झाल्याच नाहीत. भाऊजींना दोष देत नाही. लोभ माझाही होता.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचा एक अतिचार आहे, 'प्रतिरूपक व्यवहार'. खऱ्याच्या जागी खोटं देणं. प्रवचनात ऐकताना आपल्याला तुपातली भेसळ आठवते, बँकेची पावती आठवत नाही. पंगतीला बसताना भाजीत कांदा-बटाटा आहे का, हे दहादा विचारतो. घरात येणाऱ्या पैशाबद्दल एकदाही नाही. निदान आपण बायकांनी तरी विचारावं.

हे सगळं नातवाला सांगितलं. मालिका त्याने पूर्ण बघितलीच. पण रात्री जवळ येऊन म्हणाला, "आजी, रोखे म्हणजे काय ते परत सांग ना."