माना ते परलकोट: दंडकारण्यातील निर्वासित पुनर्वसनाचा इतिहास

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथून विमानतळाच्या दिशेने काही मैलांवर असलेले माना हे ठिकाण आज बहुतेकांना विमानतळामुळेच ठाऊक आहे. परंतु 1964 नंतरच्या काळात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हिंदू निर्वासितांसाठी माना हे भारतातील आयुष्याचे प्रवेशद्वार ठरले होते. परक्या प्रदेशात आलेल्या माणसाला तेथे रुळण्यासाठी शासनाने काय दिले, काय द्यायचे राहून गेले आणि जे राहिले ते त्या माणसाने स्वतः कसे उभे केले, हे समजून घेण्यासाठी मानाचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे.

फाळणीनंतर पश्चिम बंगालमध्ये निर्वासितांचा ओघ वाढत गेला आणि त्या राज्यात आता जमीन उरलेली नाही अशी भूमिका घेतली जाऊ लागली, तेव्हा केंद्र सरकारने त्यांना बंगालबाहेर वसवण्याची योजना आखली. त्यासाठी 1958 साली दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले. तत्कालीन मध्य प्रदेशातील बस्तर आणि ओडिशातील कोरापूट या जिल्ह्यांतील विस्तीर्ण वनप्रदेश त्याच्या कक्षेत आला, आणि परलकोट, कोंडागाव, उमरकोट व मलकानगिरी असे वसाहतींचे चार विभाग आकाराला आले.

या योजनेत शासकीय वर्गवारीला फार महत्त्व होते. 31 मार्च 1958 पर्यंत आलेल्यांना ‘जुने स्थलांतरित’ आणि 1 जानेवारी 1964 ते 25 मार्च 1971 या काळात आलेल्यांना ‘नवे स्थलांतरित’ म्हटले जाई. या दोन कालखंडांच्या मध्ये जे आले त्यांना पुनर्वसनाचे साहाय्य मिळण्याची तरतूद नव्हती. नव्या स्थलांतरितांनाही बंगालबाहेर जाण्याची तयारी दाखवली तरच मदत मिळे. त्यामुळे दंडकारण्यात जाण्याचा निर्णय कागदोपत्री स्वेच्छेचा असला, तरी हातात काहीच नसलेल्या कुटुंबापुढे प्रत्यक्षात दुसरा मार्ग क्वचितच होता.

डिसेंबर 1963 मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाल्यानंतर पूर्व पाकिस्तानात खुलना, ढाका व नारायणगंज येथे हिंदूंविरुद्ध भीषण दंगली उसळल्या आणि 1964 च्या आरंभापासून सीमेवर माणसांची रीघ लागली. या लोकांना रेल्वेने रायपूरला आणून माना व त्याच्या आसपासच्या छावण्यांत ठेवण्यात आले. माना ही संक्रमण छावणी होती, म्हणजे कायमची जागा मिळेपर्यंतचा तात्पुरता मुक्काम; परंतु जमीन तयार होण्याचा वेग आणि माणसे येण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही, आणि तात्पुरता मुक्काम अनेक कुटुंबांच्या बाबतीत वर्षानुवर्षे लांबला. छावणीत मिळणाऱ्या रोख निर्वाहभत्त्याला ‘डोल’ म्हणत. काम करू शकणाऱ्या, शेतीत आयुष्य घालवलेल्या माणसाला रिकामे बसवून पंधरवड्याच्या भत्त्यावर जगवणे हे पोट भरणारे असले, तरी स्वाभिमान खचवणारे होते. विधवा, वृद्ध व अपंग अशा ज्यांना कर्ता पुरुष नव्हता, त्यांची नोंद ‘कायमचे दायित्व’ या शीर्षाखाली होई. दुःखात सापडलेल्या माणसाचे सरकारी दप्तरात कशात रूपांतर होते, याचे हे शीर्षक बोलके उदाहरण आहे.

1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी मानावर पुन्हा मोठा भार पडला, कारण सीमावर्ती राज्यांतील गर्दी कमी करण्यासाठी मध्य प्रदेशातील केंद्रीय छावण्यांमध्ये दोन लाखांहून अधिक लोक आणले गेले. ते युद्धानंतर परतले. आधी आलेल्यांना मात्र परतण्याची वाट नव्हती.

छावणीतून पुढे पाठवलेल्या शेतकरी कुटुंबाला साधारण पाच ते सात एकर जमीन, घरासाठी जागा, बैल व अवजारांसाठी कर्ज आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचा निर्वाहखर्च दिला जाई. नव्या गावांना बहुधा नावांऐवजी क्रमांक मिळाले; परलकोट विभागातील गावे ‘पी. व्ही.’ आणि मलकानगिरीतील ‘एम. व्ही.’ या अक्षरांपुढील आकड्यांनी आजही ओळखली जातात. बहुसंख्य वसाहतकरी नमशूद्र समाजाचे, म्हणजे नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात भात पिकवणारे, होडी चालवणारे आणि मासे धरणारे लोक होते. गाळाच्या जमिनीत दरवर्षी पूर येऊन शेत सुपीक होते, हे त्यांचे पिढीजात ज्ञान. दंडकारण्यातील मुरमाड, पावसावर अवलंबून असलेल्या उंचवट्याच्या जमिनीत ते ज्ञान अपुरे पडले. प्राधिकरणाचे अध्यक्षपद सोडल्यानंतर शैबाल कुमार गुप्ता यांनी 1965 मध्ये लिहिलेल्या लेखांत जमिनीची निकृष्ट प्रत आणि सिंचनाचा अभाव यांवर स्पष्ट बोट ठेवले होते.

दुसरा प्रश्न तेथे आधीपासून राहणाऱ्यांचा होता. ज्या रानाला सरकार मोकळी जमीन समजत होते, ते गोंड, माडिया, हलबा अशा आदिवासी समाजांचे वनोपजाचे, फिरत्या शेतीचे आणि देवस्थानांचे क्षेत्र होते. सुधारलेल्या जमिनीचा काही भाग आदिवासींसाठी राखून ठेवण्याची तरतूद योजनेत होती. परंतु दोन वंचित समूहांना एकमेकांचे शेजारी करताना परस्परांच्या भाषेची, सणांची व जमिनीच्या व्यवहाराची ओळख करून देण्याची जी निकड होती, ती जमिनीच्या हिशेबात मागे पडली.

या साऱ्यातून असह्य झालेल्यांनी 1978 मध्ये मोठ्या संख्येने वसाहती सोडल्या आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर स्वतःचे गाव उभारले. लाखाहून अधिक माणसे दंडकारण्यातून निघाली होती. जानेवारी 1979 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात बळाचा वापर करून लोकांना तेथून हुसकावले. त्या कारवाईत नेमके किती मृत्यू झाले यावर आजही एकवाक्यता नाही. परंतु ज्यांना ‘बंगालमध्ये जागा नाही’ असे सांगितले गेले होते, त्यांनी स्वकष्टाने बांधलेली शाळा, विहिरी आणि दुकाने उद्ध्वस्त झाली, हे निर्विवाद आहे.

तरीही जे राहिले त्यांनी वसाहती जगवल्या. तळी खोदून त्यांनी मत्स्यशेती वाढवली, भाजीपाल्याची लागवड केली, बाजार भरवले. कांकेर जिल्ह्यातील पखांजूर हे आज मत्स्यपालनाचे आणि व्यापाराचे नावाजलेले केंद्र आहे. महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्याच्या त्या भागात, जो 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत दंडकारण्य योजनेच्याच काळात बंगाली गावे वसली आणि तेथील दुसरी-तिसरी पिढी मराठी शाळांत शिकली. मासे आणि पाणी यांचे ज्ञान हेच त्यांचे खरे भांडवल होते. ते योजनेने सुरुवातीलाच हिशेबात धरले असते, तर पुष्कळ वर्षे वाचली असती.

मुंबईजवळच्या उल्हासनगरशी याची तुलना उद्बोधक ठरते. कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनाही बराकींतच दिवस काढावे लागले. तरी रेल्वेने जोडलेली मुंबईची बाजारपेठ हाताशी होती आणि व्यापाराचे त्यांचे कौशल्य तिच्यात थेट उपयोगी पडले, म्हणून 1949 मध्ये नाव मिळालेली ती वसाहत लवकरच उद्योगनगर बनली. मानातून पाठवलेल्यांना जमीन मिळाली, पण कौशल्याला वाव देणारी परिस्थिती मिळाली नाही.

अर्धशतकानंतरही एक देणे बाकी आहे. नमशूद्र समाजाला पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तर छत्तीसगड व महाराष्ट्रात नाही; त्यामुळे सरकारने ज्यांना स्वतःच्या योजनेनुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेले, त्यांच्या मुलांना त्याच स्थलांतरामुळे संरक्षणाचा हक्क गमवावा लागला. आजही जगात निर्वासितांचे पुनर्वसन हे घर व भत्ता यांच्या आकड्यांत मोजले जाते. मानाचा इतिहास त्यापुढची मोजपट्टी सुचवतो: आलेल्यांना जे येते त्याला नव्या भूमीत काम मिळाले का, शेजाऱ्यांचे हक्क अबाधित राहिले का आणि कायद्याने त्यांना पूर्ण नागरिक मानले का. ही तीन उत्तरे मिळेपर्यंत पुनर्वसन पूर्ण झाले असे कोणत्याही सरकारने म्हणू नये.