बाइंडमधली त्रुटी : एका पॅकेटात डीएनएस बंद

वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती चालवणारा जुना आणि जगभर वापरला जाणारा प्रोग्रॅम म्हणजे बाइंड. १९८०च्या दशकात तो अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात तयार झाला. आता इंटरनेट सिस्टिम्स कन्सोर्टियम, म्हणजे आयएससी, ही संस्था त्याची देखभाल करते. पडद्यामागे सतत चालू असणाऱ्या त्याच्या डीमनचं नाव 'नेमडी'. २८ जुलै २०१५ रोजी आयएससीने नेमडीतली गंभीर त्रुटी जाहीर केली : सीव्हीई-२०१५-५४७७.

सेवा बंद पाडायला विनंत्यांचा लोंढाच लागतो, असा अनेकांचा समज असतो. इथे एक यूडीपी पॅकेट पुरत होतं. सुरक्षेची किल्ली ठरवण्यासाठी 'टी-की' नावाची विनंती असते. ती आली की नेमडी संदेशाच्या एका भागात नाव शोधतो, हवी ती नोंद मिळाली नाही तर दुसऱ्या भागात. या दुसऱ्या शोधाआधी पहिल्या शोधाची खूण पुसायची राहून गेली होती. मुद्दाम तशी रचलेली विनंती आली, की प्रोग्रॅमची स्वतःचीच तपासणी फसायची आणि तो सरळ बंद पडायचा. माहिती चोरीला जात नाही, फाइली शाबूत राहतात. पण पत्ते सांगणारा गेला, की लोकांच्या लेखी 'नेट गेलं'.

अशा वेळी जोडीचा दुसरा सर्व्हर कामी येईल, असं वाटतं. देवासकरांना जोडी नवी नाही : एकाच गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थानं होती. पण ती दोन वेगळी घरं होती. दोन्ही सर्व्हरवर बाइंडची तीच जुनी आवृत्ती असेल, तर पहिल्याला पाडणारं पॅकेट दुसऱ्यालाही पाडतं.

कोणाची विनंती घ्यायची याचे नियम घालूनही बचाव होत नव्हता, कारण चूक त्या तपासणीच्या आधीच गाठायची. उपाय एकच, ९.९.७-पी२ किंवा ९.१०.२-पी३ ही दुरुस्त आवृत्ती. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरचा कारखाना असो की देवासचं कॉलेज, स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवणाऱ्याने आवृत्ती तपासायला हवी. विसरलेली जुनी मशीनंच जास्त धोक्याची.

असा हल्ला झाल्यास २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सर्ट-इनला सहा तासांत कळवावं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.