मैदानावरचा आचरटपणा

खेळावर बेतलेल्या वात्रट, आचरट आणि प्रसंगी ओंगळ विनोदी चित्रपटांना समीक्षकांनी क्वचितच जवळ केले आहे. प्रेक्षकांनी मात्र त्यांना कधी अंतर दिले नाही. अमेरिकी फुटबॉल संघाला पाणी पाजणाऱ्या तोतऱ्या नोकराची गोष्ट सांगणारा ‘द वॉटरबॉय’ १९९८ साली प्रदर्शित झाला. जाणकारांनी नाके मुरडली, पण चित्रपटाने जगभरात १८ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. त्याचा नायक अॅडम सँडलर याचाच गोल्फवरील ‘हॅपी गिलमोर’ १९९६ मधला. त्याचा दुसरा भाग २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल २९ वर्षांनी आला. हसवणुकीच्या या प्रकाराचे आकर्षण एका पिढीपुरते नाही, हे उघड आहे.

या आकर्षणाचा एक धागा थेट नगरपर्यंत पोहोचतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. विसाव्या शतकातील इंग्रजी विनोदाला निरर्थकतेची दीक्षा देणारा स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे जन्मला. वडील ब्रिटिश लष्करात होते. मिलिगनचे बालपण पुणे आणि रंगून येथे गेले. पुढे १९५१ पासून बीबीसी रेडिओवर गाजलेला ‘द गून शो’ मुख्यतः त्याच्याच लेखणीतून उतरला. खेळाच्या संदर्भात मात्र त्याचे नाव घ्यावे लागते ते एका अकरा मिनिटांच्या लघुपटासाठी.

‘द रनिंग जम्पिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म’ हे त्याचे नाव. धावणे, उडी मारणे आणि जागच्या जागी उभे राहणे! मिलिगन, पीटर सेलर्स आणि दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांनी मित्रमंडळींसह लंडनजवळच्या एका मोकळ्या शेतात अवघ्या दोन रविवारांत तो चित्रित केला. खर्च सुमारे ७० पौंड. त्यात एक बाई मैदानातले गवत फरशीसारखे घासून धुते. एक गृहस्थ झाडाच्या बुंध्यावर ध्वनिमुद्रिका ठेवतो आणि सुई हातात धरून स्वतःच तिच्याभोवती धावत सुटतो. दूरवरच्या एकाला बोटाने खुणावून जवळ बोलावले जाते. तो बिचारा विश्वासाने धापा टाकत येतो आणि पोहोचताक्षणी त्याच्या तोंडावर मुष्टियोद्ध्याचा हातमोजा आदळतो. एवढ्या भांडवलावर हा लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. बीटल्स मंडळी त्यावर इतकी खूश होती की त्यांच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ (१९६४) या चित्रपटाचे दिग्दर्शन लेस्टरकडेच आले.

मिलिगनचा वारसा पुढे ‘माँटी पायथन’ या चमूने चालवला. म्युनिक ऑलिंपिकच्या सुमारास जर्मन दूरचित्रवाणीसाठी केलेल्या खास कार्यक्रमांत त्यांनी दिशांचे भान नसलेल्या धावपटूंची शंभर मीटर शर्यत लावली. बंदुकीचा बार होताच प्रत्येक जण वेगळ्याच दिशेला पळतो! जर्मन आणि ग्रीक तत्त्वज्ञांचा फुटबॉल सामनाही त्यांचाच. शिट्टी वाजल्यावर चेंडूला पाय लावायचे सोडून सारे चिंतन करीत फिरतात आणि अखेरच्या मिनिटांत सॉक्रेटिस डोक्याने गोल करतो.

हसू येते कशाचे?

या साऱ्याच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. खेळ ही मुळात लुटुपुटूची गोष्ट. रेषा आखून, नियम ठरवून माणसे तिला जीवनमरणाचे गांभीर्य देतात. देवळात किंवा न्यायालयात जसे हसू दाबूनही फुटते, तसेच मैदानावर होते. पंच जितका करारी, खेळाडू जितका आढ्यतेखोर, तितकी त्यांची फजिती रंगते. चार्ली चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) हेच हेरले होते. त्यातला मुष्टियुद्धाचा प्रसंग पंचाच्या आडोशाने नाचण्यावरच उभा आहे. शिवाय विनोद समजायला भाषा लागत नाही. फुटबॉल पोटावर आदळला की काय होते, हे सांगावे लागत नाही. हाँगकाँगचा ‘शाओलिन सॉकर’ (२००१) जगभर पाहिला गेला, तो याच बळावर.

दुसरे कारण अधिक खोल आहे. खेळ पाहणाऱ्यांतले बहुतेक जण आयुष्यात कधी जिंकलेले नसतात. शाळेच्या संघात त्यांची निवड झालेली नसते. आचरट क्रीडापटाचा नायक नेमका हाच निवड न झालेला माणूस असतो. ‘डॉजबॉल’मध्ये (२००४) बुडीत व्यायामशाळेतले भणंग सदस्य पोरांचा चेंडूफेकीचा खेळ खेळून ५० हजार डॉलरचे बक्षीस मिळवू पाहतात. आइस हॉकीवरचा ‘स्लॅप शॉट’ (१९७७) तर शिवराळपणात सर्वांचा आजोबा शोभावा. पॉल न्यूमनसारखा देखणा नट त्यात अखंड शिव्या देतो. पण गावातली गिरणी बंद पडते आहे, हजारो कामगार रस्त्यावर येणार आहेत आणि त्यांच्याबरोबर संघही संपणार आहे, ही त्याची खरी गोष्ट. लेखिका नॅन्सी डाऊड यांनी ती आपल्या हॉकीपटू भावाच्या अनुभवांवरून रचली होती. साखर कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गावांना ती परकी वाटू नये.

अर्थात सारेच क्षम्य नाही. तोतरेपणा, लठ्ठपणा, समलिंगी व्यक्ती आणि बायका यांची टवाळी हा या चित्रपटांचा जुना रोग आहे. ‘वॉटरबॉय’ आणि ‘स्लॅप शॉट’ही त्यातून सुटलेले नाहीत. बलदंडाची फजिती आणि दुबळ्याची टिंगल यांतली रेषा जेथे पुसली जाते, तेथे विनोदही उरत नाही.

हगामा आणि हजेरी

नगर जिल्ह्याला ही रुची परदेशातून आणावी लागली नाही. गावजत्रेचा क्रमच पाहावा. रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. सोंगाड्याच्या बतावणीवर लोटपोट झालेला गडीच तीन-चार तासांनी हलगीच्या ठेक्यावर निकाली कुस्ती पाहायला बसतो. हगाम्याची सुरुवातही शेंबड्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. त्या झोंबाझोंबीत डावपेच कमी, चड्डी सांभाळणे अधिक. मानाच्या कुस्तीआधी पोटभर हसून घेण्याची ही सोय जुनीच आहे. बतावणीतला द्व्यर्थी चावटपणा ज्यांनी जपला, त्या फडमालकांत संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांचे नाव आदराने घेतले जाते. २०२१ साली त्यांचे निधन झाले. हाच चावटपणा दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’पासून (१९७१) पडद्यावर नेला आणि लागोपाठ रौप्यमहोत्सव साजरे केले.

एवढे सारे हाताशी असताना मराठी पडद्याने कुस्ती आणि चावट विनोद यांची गाठ मनापासून घातलेली नाही, हे नवल आहे. श्रीगोंदा तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’त (२०१५ मध्ये प्रदर्शित) कुस्तीचा नाद असलेला धनगराचा मुलगा आहे, पण चित्रपटाचा स्वर वेदनेचा. नगरमध्ये संज्ञापनशास्त्र शिकलेले नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ या हिंदी चित्रपटात (२०२२) झोपडपट्टीतील मुलांचा फुटबॉल मांडला. त्यात हशे आहेत, आचरटपणा बेताचाच. हिंदीत ‘लगान’ (२००१), ‘चक दे इंडिया’ (२००७) आणि ‘दंगल’ (२०१६) यांच्या यशानंतर खेळ म्हणजे देशाची अब्रू, असे समीकरण घट्ट झाले. अब्रूच्या प्रश्नावर हसायचे कोणी?

त्याचे प्रत्यंतर २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरलाच आले. ‘महाराष्ट्र केसरी’च्या लढतींत पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला. पराभूत ठरवल्या गेलेल्या मल्लाने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. अंतिम लढतीतील प्रतिस्पर्धी मल्लही निर्णय न पटल्याने आखाडा सोडून गेला. पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला आणि वाद घालणाऱ्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. योगायोग असा की ‘स्लॅप शॉट’चा शेवटही पंचाला मारण्यानेच होतो. तेथे एक खेळाडू बर्फावर एकेक कपडा उतरवीत संथपणे घिरट्या घालतो. प्रतिस्पर्धी कर्णधार ‘हा खेळ आहे की काय’ म्हणून संतापतो, पंचाला ठोसा लगावतो आणि सामना गमावून बसतो. चषक उचलला जातो तेव्हा तो नागडा बहाद्दर अजून बर्फावर फिरतच असतो.