आजीबाईंचा फिश कॅम्प

मागच्या शनिवारी शोधत होतो काहीतरी कामाचं, आणि पोचलो भलतीकडेच. अलास्का विद्यापीठाचा 'प्रोजेक्ट ज्यूकबॉक्स' म्हणून एक उपक्रम आहे. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि त्यांचा आवाज, फोटो, नकाशे सगळं कॉम्प्युटरवर एकत्र ठेवायचं. सुरुवात १९८८ ची, म्हणजे वेबच्याही आधीची! "बघू जरा" म्हणून बसलो, तर चहा कधी गार झाला कळलंच नाही.

त्यातले बरेच आजी-आजोबा अथाबास्कन. अलास्काच्या आतल्या भागातले, युकॉन, टॅनना, कॉपर या नद्यांच्या खोऱ्यांतले लोक. (इग्लू वगैरे डोक्यातून काढून टाका मंडळी, हा जंगलाचा मुलूख आहे.) यांचं वर्ष कॅम्पवर चालायचं. उन्हाळ्यात सॅमन मासे समुद्रातून नदीत वर चढू लागले, की अख्खं कुटुंब फिश कॅम्पला. मासा उभा चिरायचा, पण शेपटीशी जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे दांडीवर टांगता येतो. आपल्याकडे बोंबील वाळत घालतात ना, साधारण तसंच, फक्त खालून धुरी. विसाव्या शतकात मासे धरायला रहाट आले. नदीच्या प्रवाहावरच फिरणारे, मासा आपोआप उचलणारे. मग शरदात मूस आणि कॅरिबूची शिकार, हिवाळ्यात फरसाठी सापळे, वसंतात मस्करॅट. की पुन्हा नदी. पोरं हे सगळं मोठ्यांच्या शेजारी बसून शिकायची. वेगळा सिलॅबस नव्हता.

या सगळ्यात एका आजींनी माझा रविवारही खाल्ला. केटी जॉन. जन्म १९१५ चा, अथाबास्कनांपैकीच आट्ना लोकांतल्या. आट्ना भाषेची वर्णमाला तयार करण्यातही त्यांचा हात होता. कॉपर नदीला टॅनाडा नावाचा ओढा मिळतो, तिथे बॅटझुलनेटास हा त्यांच्या माणसांचा जुना फिश कॅम्प. १९६४ मध्ये अलास्का राज्याने तिथली मासेमारी बंद केली. खाली समुद्राकडे मात्र धंद्याची मासेमारी जोरात चालूच! १९८४ मध्ये केटी जॉन आणि डोरिस चार्ल्स या दोघींनी परवानगी मागितली. नकार. १९८५ मध्ये त्या कोर्टात गेल्या. सत्तरीच्या वयात.

त्यांचा आधार होता १९८० चा एक केंद्रीय कायदा. पोटासाठी मासेमारी-शिकार करणाऱ्या ग्रामीण लोकांना केंद्राच्या जमिनीवर प्राधान्य, असं तो म्हणतो. मग प्रश्न आला, नदीचं पाणी 'जमिनी'त धरायचं का? (वकील मंडळी काय काय शोधून काढतात!) १९९५ मध्ये अपील कोर्टाने आजींच्या बाजूने कौल दिला. राज्य तरी भांडतच होतं. शेवटी २००१ मध्ये गव्हर्नर टोनी नोल्स स्वतः त्यांच्या कॅम्पवर जाऊन आले आणि सुप्रीम कोर्टात जायचं नाही असं त्यांनी ठरवलं. केटी आजी २०१३ मध्ये गेल्या, सत्त्याण्णव वर्षांच्या होऊन.

मला यात एक गोष्ट फार लागली. आजींना आठवणी जपायच्या नव्हत्या, त्यांना मासे धरायचे होते. नातवंडांना घेऊन, त्याच ओढ्यावर. आपण आयटीवाले बॅकअप घेतला की निवांत झोपतो. पण ज्याने कधी रात्री दोनला सर्व्हर उभा केलाय त्याला विचारा, रिस्टोअर करून पाहिलेला नसेल तर तो बॅकअप कसला? रेकॉर्डिंग ऐकून मासा चिरता येत नाही. त्याला हातात सुरी लागते, शेजारी आजी लागते, आणि मुख्य म्हणजे मासा लागतो.

आणि घोडं आता तिथेच अडलंय. पलीकडच्या युकॉन नदीत चिनूक सॅमन इतके घटले, की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्यांची मासेमारी सात वर्षं थांबवायचा करार केला. सात वर्षं म्हणजे त्या माशाची एक पिढी. माशाला सावरायला तेवढी हवीतच, पटतं. पण करार झाला तेव्हा पाच वर्षांची असलेली मुलगी तो संपताना बारा वर्षांची असेल, आणि तिला शिकवणारी आजी?

असो. ती रेकॉर्डिंग्ज जरूर ऐका. आणि तुमच्या आजीला एखादी गोष्ट करता येत असेल, तर नुसता व्हिडिओ काढू नका. शेजारी बसा, हात घाण करा.