विमानातला वास आणि त्याची नोंद

वाचकहो, बुलढाण्याच्या माणसाला विमानाशी काय कर्तव्य, असे आपण विचाराल. पण खामगाव-मेहकरकडची मंडळीही आता लेकरांना भेटायला विमानाने जातात, आणि ही हकीकत त्यांच्या श्वासाचीच आहे.

उंचावर हवा विरळ. म्हणून बहुतेक प्रवासी विमानांत इंजिनाने दाबलेली हवाच, इंधन मिसळण्यापूर्वी, काढून घेतात आणि थंड करून आत सोडतात. इंजिनातले वंगण अडवणारे सील झिजले, की तेलाची वाफ त्या हवेत शिरते. वास येतो घामट मोज्यांसारखा.

या तेलात सहसा ट्रायक्रेसिल फॉस्फेट असते. त्याच्या काही प्रकारांचे विष जगाने आधी पोटातून ओळखले. १९३० साली अमेरिकेत आल्याच्या अर्कात ते मिसळले गेले आणि हजारोंचे पाय लुळे पडले. १९५९ साली मोरोक्कोत व्यापाऱ्यांनी विमानाच्या इंजिनाचे तेलच खाद्यतेलात घातले. सुमारे १०,००० माणसे अधू झाली. (भेसळ करणाऱ्याला देश नसतो, बरे का! १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागातही याच विषाने माणसे पांगळी झाली.)

विमानातली मात्रा अगदी थोडी, आणि तिचा दीर्घ परिणाम काय यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. खरी अडचण पुराव्याची. लुळे पाय गावाने पाहिले. विमानातला वास मात्र दार उघडताच जातो, आणि तो मोजणारे यंत्र बहुतेक विमानांत नाही.

१२ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री गोव्याहून हैदराबादला निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानात धूर भरला. विमान सुखरूप उतरले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी केली, तेव्हा इंजिनाचे तेल हवेच्या मार्गात शिरल्याचे दिसले. मग त्या जातीच्या १४ विमानांच्या २८ इंजिनांतील तेलाचे नमुने दर १५ दिवसांनी कॅनडातल्या इंजिन-कंपनीकडे धाडण्याचा, आणि हवेच्या झडपेत तेलाची ओल आहे का हे पाहण्याचा हुकूम निघाला.

धूर दिसला म्हणून हे झाले. नुसता वास आला आणि कोणी लिहून ठेवले नाही, तर कोणते इंजिन उघडावे हे कारागिराला कळावे कसे? तेव्हा असा वास आलाच, तर परिचारिकेला लगेच सांगा, आणि वेळ व आसनाचा आकडा देऊन त्याची नोंद वैमानिकाच्या वहीत करायला लावा.